देवाला आपल्या स्तुतीची गरज आहे का?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आमच्या घराजवळच्या चौकात वर्षभर कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. मधे साहेबांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे. रविवारी उपासनेत 'देवाला गौरव असो' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तो चौक येतो. देवालाही हेच हवं असतं का? दुसरं, माझे वडील पक्षाघाताने चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी आणि भाऊ रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलायचो. भेटायला येणारे म्हणायचे, 'यातूनही देवाचं गौरवच होईल.' वडील गेले, माझा राग मात्र गेला नाही. माणसाला असं झिजवून ज्याचं गौरव होतं, तो देव कसा असेल?
एक भगिनी, जालना

उत्तर : ताई, तुमच्या मनात आलेला चौक आणखी किती जणांच्या मनात येत असेल आणि ते गप्प बसून गात असतील, कोण जाणे. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. वडिलांविषयी मी शेवटी लिहितो. आधी शब्दाकडे वळू या, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मराठीत गौरव म्हटलं की गौरव समारंभ, गौरव ग्रंथ, शाल आणि श्रीफळ. म्हणजे दुसऱ्याने द्यायची वस्तू. देणारा नसेल तर गौरव नाही. जुन्या कराराचा हिब्रू शब्द आहे 'काबोद', आणि त्याच्या मुळाशी देणंघेणं नाही, जडपणा आहे. मोशेचे हात लढाईच्या वेळी जड झाले, तिथे हाच धातू. एली याजक म्हातारा आणि अंगाने जड होता, तिथेही हाच. सेमिनरीत आमच्या गुरुजींनी फळ्यावर काफ, बेथ, दालेथ ही तीन अक्षरं काढली आणि शेजारी मराठीत एकच शब्द लिहिला : वजन. 'त्याच्या शब्दाला गावात वजन आहे' असं आपण म्हणतो ना, त्यातलं वजन. आपला 'गौरव' शब्दही 'गुरु' म्हणजे जड यापासूनच आलेला. शाल-श्रीफळाच्या गर्दीत आपण ते विसरलो, एवढंच.

मला तो फळा आजही आठवतो, कारण माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. पोतं काट्यावर चढलं की दांडी स्थिर होईपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला आडत्या, दोघांचेही डोळे दांडीवर. मग वडील मोठ्याने आकडा पुकारायचे आणि कारकून तो वहीत उतरवायचा. पुकारल्यामुळे पोत्यात एक दाणाही वाढत नसे. नाही पुकारलं तर कमीही होत नसे. पण पुकारण्याला फार किंमत होती. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाला त्या एका आवाजात न्याय मिळायचा.

ताई, स्तुती म्हणजे हे पुकारणं. फ्लेक्स लावून वजन चढवायचं असतं. स्तुतीत जे वजन आहे ते आहे तसं, खणखणीत आवाजात सांगायचं असतं. देवाला त्याने काही मिळत नाही. मिळतं ते आपल्याला : कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं, याचा आपला काटा ताळ्यावर येतो. आणि हा काटा रोज बिघडत असतो, निदान माझा तरी. लोक काय म्हणतील याला मण, आणि देव काय म्हणेल याला छटाक.

पण मग खरा प्रश्न उरतोच. त्या पोत्यात आहे काय? देवाचं वजन कशाचं? जड तर दगडही असतो, आणि जुलमी राजाचं वजनही गावाला चांगलंच जाणवतं.

याचं उत्तर निर्गमच्या ३३ आणि ३४ व्या अध्यायांत आहे. हे दोन अध्याय बत्तिसाव्याच्या पाठोपाठ वाचा, सुटे वाचू नका. बत्तिसाव्यात लोकांनी कानातली सोन्याची कुंडलं काढून दिली आणि वासरू ओतून घेतलं. त्यांना डोळ्यांना दिसेल असा, चमकणारा देव हवा होता. मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या. मग तो या लोकांसाठी देवाशी भांडला, रदबदली केली, आणि त्या सगळ्याच्या शेवटी म्हणाला, मला तुझं तेज दाखव. हा माणूस जळतं झुडूप पाहून आलेला. समुद्र दुभंगलेला त्याने पाहिला होता, सीनाय धुराने भरलेला पाहिला होता. तरी त्याला वाटत होतं की देवाचं खरं तेज आपण अजून पाहिलेलं नाही. मला वाटतं, त्याचं बरोबर होतं.

देवाचं उत्तर नीट ऐका. त्याने तेज मागितलं, आणि देव म्हणतो, मी आपला सगळा चांगुलपणा तुझ्यासमोरून नेईन आणि माझं नाव पुकारीन. मागितलं तेज, मिळतोय चांगुलपणा. पुढच्या अध्यायात मोशे खडकाच्या कपारीत उभा आहे, देवाचा हात त्याच्यावर आहे, देव समोरून जातो आहे. आता काय दिसलं ते लिहिलेलं असेल म्हणून आपण पुढे वाचतो, तर तिथे रंग नाही, आकार नाही, किरणांचं वर्णन नाही. फक्त शब्द आहेत : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी भरलेला, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अन्याय, अपराध आणि पाप यांची क्षमा करणारा.

यातला 'मंदक्रोध' मला फार आवडतो. हिब्रूत तिथे शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. आपण म्हणतो ना, अमक्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो! मोशेला ऐकू आलं की देवाचं नाक लांब आहे, राग शेंड्यावर यायला फार वेळ लागतो. आणि हे कधी ऐकू आलं? सोन्याचं वासरू नुकतंच भुगा होऊन पाण्यात मिसळलं होतं तेव्हा. रागवायला याहून चांगलं कारण कोणाला मिळालं असतं?

त्याच वचनाच्या शेवटी वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत नेण्याविषयीही आहे, आणि ते मी लपवणार नाही. देवाच्या चांगुलपणात 'चालतंय, जाऊ दे' बसत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारा, असं सगळं जाऊ देणारा देव त्याला हवा आहे का. पण तिथे एका पारड्यात तीन-चार पिढ्या आहेत आणि दुसऱ्यात हजारो. दांडी कुठे झुकते ते दिसतंच. शिवाय बापाचं पाप मुलाच्या माथी नाही, हे पुढे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देवानेच स्पष्ट केलं आहे.

त्या दिवशी मोशेला देवाचं मुख दिसलं नाही, पाठमोरं दिसलं. म्हणूनच योहानाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, शब्द देही झाला आणि आम्ही त्याचं गौरव पाहिलं, असं लिहिलं, आणि ते गौरव कशाने भरलेलं होतं तेही सांगितलं : अनुग्रह व सत्य. ही दोन्ही सीनायवरच्या त्या पुकाऱ्यातली आहेत. योहानाला म्हणायचं आहे, मोशेसमोरून जे गेलं तेच आमच्यात राहायला आलं.

आता एक गंमतीची नव्हे, विचार करण्याची गोष्ट. डोंगरावर येशूचं रूपांतर झालं, वस्त्रं पांढरीशुभ्र झाली, हा प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक तिघांनी लिहिला. योहानाने नाही लिहिला. गौरवाविषयी सर्वांत जास्त बोलणारा तोच, आणि लखलखाटाचा प्रसंग त्यानेच सोडला. त्याच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. यहूदाचेही धुतो. मग यहूदा घास घेऊन बाहेर पडतो, आणि योहान लिहितो, तेव्हा रात्र होती. पुढच्याच वाक्यात येशू म्हणतो, आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव झालं आहे. आता! धरून देणारा नुकताच दाराबाहेर पडलेला, उद्या वधस्तंभ. योहानासाठी गौरवाची घटका ती आहे.

आपल्याकडे वजन असलेला माणूस वजन वापरतो. एक फोन करतो, काम होतं. येशूने ते वापरलं नाही. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. देवाचा स्वभाव कसा, असं कोणी मला विचारलं तर मी त्याला आकाशातले तारे दाखवण्याआधी तो रुमाल दाखवीन. तारेही त्याचा महिमा सांगतात, एकोणिसावं स्तोत्र आपण पाठच करतो. पण ताऱ्यांवरून तो समर्थ आहे एवढं कळतं. तो आपल्या वैऱ्याचे पाय धुतो, हे ताऱ्यांवरून कळलं नसतं.

आता तुमचे वडील.

समाचाराला आलेल्यांचं वाक्य योहानाच्या अकराव्या अध्यायातून येतं. मित्र लाजर आजारी आहे असा निरोप आल्यावर येशू म्हणाला, हा आजार देवाच्या गौरवासाठी आहे. पण पुढे काय झालं ते समाचाराला जाताना आपण घरीच ठेवून जातो. येशू कबरीपाशी रडला. तिथे त्याच्या मनाची अवस्था सांगताना योहानाने वापरलेला ग्रीक शब्द रागाचा आहे, हुंकाराचा. मरणाने माणसाचं जे केलं होतं ते पाहून तो संतापला. मग लाजर बाहेर आला, आणि त्याच अध्यायात सभा बसली आणि येशूला जिवे मारायचं ठरलं. मित्राला कबरीतून काढायची किंमत त्याने स्वतःच्या कबरीने दिली. 'देवाच्या गौरवासाठी' हे तो स्वतःच्या जिवावर बोलला. आपण ते दुसऱ्याच्या जिवावर बोलतो.

मीही बोललो आहे. पहिल्याच नेमणुकीच्या गावी एका घरातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा साप चावून गेला. मी पंचविशीचा, नवा कोरा पाळक. त्याच्या आईला मी हेच वाक्य ऐकवलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, काही न बोलता आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. त्या गावात मी चार वर्षं होतो. ती उपासनेला येत राहिली, पण माझ्या डोळ्यांत तिने पुन्हा पाहिलं नाही. तिची क्षमा मागायची राहून गेली, ताई. तुमच्या घरी जे आले त्यांच्या वतीने आज तुमची मागतो.

पक्षाघात हे देवाचं गौरव नव्हे. येशूने पक्षाघाती पाहिला तेव्हा त्याला बरं केलं, 'असाच पडून राहा, यातून गौरव होईल' असं कोणालाही म्हटलं नाही. चौदा महिने का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आहे असं दाखवणारा पुन्हा घरी आला तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. तुमच्या रागाची लाज बाळगू नका. लाजरच्या कबरीपाशी तो राग येशूलाही आला होता.

पण मोशेने ऐकलेली ओळख हातात धरून मी तुमच्या घरात शिरलो असतो तर मला एक गोष्ट दिसली असती. रात्री दोन वाजता गजर होतो. बहीण-भाऊ उठतात. एक जण खांदा धरतो, एक जण कंबर, वडिलांची कूस वळते, पाठीखालची चादर सारखी होते, आणि दोघं पुन्हा आडवी होतात, चारला उठायला. हे कोणी पाहिलं नाही, कोणी पुकारलं नाही. मी मापाड्याचा मुलगा आहे, मला त्याचं वजन कळतं.

प्रश्न : एका पुस्तकात मोशेच्या पुतळ्याचा फोटो पाहिला. डोक्यावर चक्क दोन शिंगं! हा कोणी केलेला अपमान आहे की काय?
एक वाचक, नाशिक

उत्तर : अपमान नाही, दादा, भाषांतर आहे. तुम्ही पाहिला तो बहुधा मायकेलअँजेलोने साधारण १५१३ ते १५१५ मध्ये घडवलेला संगमरवरी मोशे. तो रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये, पोप दुसरे ज्युलियस यांच्या स्मारकात आहे. निर्गम ३४ मध्ये मोशे सीनायवरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला जे झालं त्यासाठी 'कारन' असं क्रियापद आहे, आणि 'केरेन' म्हणजे शिंग. किरण शिंगासारखे फुटले, असा भाव. चौथ्या शतकाच्या शेवटी संत जेरोमने लॅटिनमध्ये उतरवताना 'शिंगं असलेला' असा शब्द घातला, आणि पुढे चित्रकार-मूर्तिकारांनी तो पाळला. त्याच्या कितीतरी आधी ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्या यहुद्यांनी मात्र तिथे 'गौरवयुक्त झाला' असं लिहिलं होतं, आणि पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात मोशेच्या मुखावरच्या तेजाविषयी लिहिलं ते त्याच अर्थाने.

शिंगांपेक्षा मला त्या वचनातलं दुसरं काही मोलाचं वाटतं. मोशे उतरला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्या पाट्या होत्या, फोडलेल्यांच्या जागी देवाने पुन्हा दिलेल्या. म्हणजे क्षमा हातात घेऊन तो खाली येत होता. आणि आपला चेहरा चमकतो आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. अहरोनाला दिसलं, लोकांना दिसलं, ते जवळ यायला घाबरले. एकट्या मोशेला पत्ता नव्हता. माझ्या पन्नास वर्षांच्या सेवेत जी दोन-तीन माणसं मला अशी भेटली, त्यांच्यापैकी एकालाही स्वतःबद्दल ते माहीत नव्हतं.

प्रश्न : आमच्या तरुण संघाच्या शिबिरात बॅनरवर लिहिलं होतं, 'देवाचं गौरव म्हणजे जिवंत माणूस.' हे बायबलमध्ये कुठे आहे? काही जण म्हणाले, हे माणसाला डोक्यावर बसवणं झालं.
तरुण संघाचा एक सभासद, अहिल्यानगर

उत्तर : बायबलमध्ये नाही, बाळ. हे आयरेनियस यांचं वाक्य आहे, साधारण इसवी सन १८० च्या सुमारास लिहिलेलं. ते आजच्या फ्रान्समधल्या लियों शहराचे बिशप. बॅनरवर जागा पुरली नसेल, कारण वाक्य अर्धंच आलं. पुढचा भाग असा : आणि माणसाचं जीवन म्हणजे देवाचं दर्शन. दोन्ही भाग जोडून वाचले की माणूस डोक्यावर बसत नाही. शरीर आणि ही माती म्हणजे हलक्या देवाने केलेली चूक, असं शिकवणारे लोक तेव्हा होते. त्यांना आयरेनियस सांगत होते की हाडामांसाचा माणूस पुरता जगतो, देवाला पाहत जगतो, तेव्हा त्यात देवाचा मोठेपणा दिसतो. ज्याला दुसऱ्याच्या जगण्याने कमीपणा येत नाही, असा तो देव आहे.

हे त्यांनी आरामात बसून लिहिलं नाही. सन १७७ मध्ये त्यांच्याच मंडळीचा भयंकर छळ झाला. त्यांच्याआधीचे बिशप पोथिनस नव्वदीच्या पुढचे, मारहाण सोसून तुरुंगात वारले. ब्लांदिना नावाची एक दासी होती, शरीराने नाजूक. तिची मालकीणही धरली गेली होती, आणि ही पोर टिकेल की नाही याची तिला धास्ती होती. ब्लांदिनाला रिंगणात खांबाला टांगलं आणि जनावरं सोडली. त्या मंडळीने लिहिलेलं पत्र युसेबियसने आपल्या इतिहासात जपून ठेवलं आहे. त्यात आहे की बरोबरचे बंदिवान तिच्याकडे पाहत होते, ती वधस्तंभावर असल्यासारखी दिसत होती, आणि त्यांच्यासाठी जो वधस्तंभी गेला तो त्यांना आपल्या या बहिणीत डोळ्यांनी दिसला. त्या दिवशी एकही जनावर तिच्याजवळ गेलं नाही, तिला खाली उतरवून पुन्हा कोठडीत नेलं.